उपासाला पिवळा बटाटा

कांदा फोडणीला टाकला रे टाकला की माझ्या पायाखालची जमीन वाजायची. खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई जाळी काढायच्या झाडूचा बांबू छताला ठोकत असायच्या. दोन ठोके म्हणजे 'आज सोमवार हाय'. तीन ठोके म्हणजे 'मी वर येतीय'. तिसऱ्या ठोक्याला गॅस बंद केला नाही तर सत्तरीची ती बाई खरंच जिना चढून यायची, कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "बँकवाले, वासानं उपास मोडतो माझा. कांदा उद्या खावा."

आणि उद्या हटकून चतुर्थी निघायची.

नगरच्या सावेडीत त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं काढली. आता पाट्यांवर अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडातलं नगर काही निघत नाही. बाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची, मीही काकूच म्हणतो. तिसगावात त्या अंगणवाडी सेविका होत्या, नवरा एसटीत ड्रायव्हर. दोघं रिटायर झाल्यावर नगरला येऊन हे घर बांधलं आणि काकूंनी उरलेलं आयुष्य उपासाला वाहिलं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या. महिन्यात धड जेवायचे दिवस किती उरायचे ते तुम्हीच बघा. मी म्हणायचो, "काकू, तुम्ही जेवता त्या दिवशी मला कळवत जा, मी सुट्टी टाकीन."

त्या हसायच्या नाहीत. उपासाच्या बाबतीत चेष्टा त्यांना खपायची नाही. तो त्यांचा विषय होता आणि त्या विषयात आख्ख्या गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. सकाळी सात वाजल्यापासून फोन सुरू. "काकू, भेंडी चालते का?" "काकू, सूर्यफुलाचं तेल चालतं का?" काकू चहाचा घोट गिळून निकाल द्यायच्या. भेंडी? चालतं. सूर्यफूल चालत न्हाई, शेंगदाण्याचं घे. जिरं चालतं, कोथिंबीर चालत न्हाई. वरई एरवी चालते, महादेवाच्या उपासाला चालत न्हाई. हळद तर कुठल्याच उपासाला चालत न्हाई, विचारायचं पण न्हाई. कशाच्या आधारावर, असं मी एकदा विचारलं. "माझ्या," म्हणाल्या.

हे चालतं आणि चालत न्हाई नुसतं खाण्यापुरतं राहिलं नव्हतं. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी पाणी दिलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तो फाटकाबाहेर पडायच्या आत मला म्हणाल्या, "ह्यो चालत न्हाई." माझ्या लग्नासाठी मी तीन मुलींचे फोटो दाखवले. दोन चालत नव्हत्या. तिसरीशी मी लग्न केलं आणि खरं सांगतो, चाललं.

उपास त्यांचा, पण चरायचो मी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. त्या स्वतः चिमूटभर खायच्या आणि उरलेलं पातेलं माझ्या दारात. शेंगदाणे तिसगावच्या शेतातले, ते भाजताना जिन्यात जो वास सुटायचा तो मला बँकेतही आठवायचा. मात्र हॉटेलचं काकूंना वावडं होतं. उभ्या जन्मात हॉटेलात घास घेतला नाही म्हणून सांगायच्या. एसटीनं निघाल्या की पिशवीत पाण्याची बाटली आणि लाडूचा डबा. स्टँडवर चहासुद्धा नाही. चूल कुणाची, हात कुणाचा, काय ठाव?

एकदा मी चिडूनच विचारलं होतं. गुरुवार होता आणि मला कांद्याची भजी खायची फार इच्छा झाली होती. म्हटलं, "काकू, इतके उपास करून मिळवायचंय तरी काय?"

त्या शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "पोरगा माजा, बाळू, बोटीवर गेला तवा सोमवार धरला. बोट सोडून त्या पेरू देशात हाटेलात लागला, तवा गुरुवार. दोन दिवाळ्या आला न्हाई, तवा शनवार. ह्यांचं झालं तवा इमानं बंद हुती, बापाला खांदा द्यायला बी येता आलं न्हाई त्याला. तवा चतुर्थी." एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली. "परत यावा येवढंच. त्याला सांगू नका हां बँकवाले. पोराला वाटंल, आई उपाशी ठेवून बोलावतीय."

त्या दिवसापासून मी बांबूचे ठोके निमूटपणे ऐकायला लागलो.

आणि बाळू आला. पंधरा वर्षांनी, दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन. लिमा नावाच्या गावात तो भांडी घासण्यापासून मुख्य आचारी होईपर्यंत चढला होता. पेरू देश म्हटल्यावर जे विनोद होतात ते आमच्या गल्लीनं पहिल्या आठवड्यात करून संपवले. मग बाळूनं सांगितलं की तो नगरमध्येच, मनमाड रोडला, तिकडच्या जेवणाचं हॉटेल काढणार. लोकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बिचाऱ्याला परमुलखात काहीतरी झालं असावं. जागा घेतली, रंग दिला, पाटीवर लामा नावाचं त्यांच्याकडचं लांब मानेचं जनावर काढलं. महिनाभरात त्याचं नाव 'मेंढराचं हॉटेल' पडलं.

काकूंनी मात्र फर्मान काढलं की हॉटेलचा विषय घरात काढायचा नाही. कारण तिथं मासा शिजणार होता. पण खरं कारण निराळं होतं आणि ते मला माहीत होतं. बाळूनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, "आई, सहा महिनं बघतो. न्हाई जमलं तर तिकडचा मालक अजून जागा धरून हाय." म्हणजे आलेला मुलगा अजून आलेला नव्हता. काकूंचा एकही उपास सुटला नाही.

आता माझा पराक्रम सांगतो. उद्घाटनाला दिवस कुठला धरावा, असं बाळूनं मला विचारलं. लोकांना सुट्टी असेल असा हवा, म्हणजे दुपारच्या जेवणाला सगळे येतील. मी बँकेतला माणूस. सुट्ट्यांची यादी उघडली, आठवड्याच्या मधली एक छान तारीख दिसली आणि म्हटलं, "हा घे. सगळी ऑफिसं बंद." त्या यादीत सुट्टी कशाची आहे ते मी आजवर कधी वाचलेलं नाही, फक्त तारीख वाचतो. पंधरा वर्षं बाहेर राहिलेल्या बाळूला तर काहीच आठवेना. पत्रिका छापल्या, वाटल्या. तिसगावचे, सोनईचे पाहुणे, गल्ली, माझी बँक, सगळ्यांना आमंत्रणं गेली; काकूंसमोर तेवढा विषय काढायचा नव्हता.

दोन दिवस आधी काकूंनी मला हाक मारली. "बँकवाले, येताना बाजारातनं चार कवठं आणा."

"कवठं कशाला?"

"परवा शिवरात्र न्हाई का?"

मी जिन्यातच बसलो. शिवरात्र! जे वर्षभर कधी उपास करत नाहीत तेही त्या दिवशी करतात. आणि बाळूच्या फ्रीजमध्ये मुंबईहून मागवलेला मासा येऊन पडला होता. तो लिंबात घालून कच्चाच वाढायचा, असा त्याचा बेत. शिवरात्रीला! मी काकूंना सगळं सांगून टाकलं. ओरडा खायची तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त विचारलं, "माणसं किती बोलावलीत?"

"साठ-सत्तर."

बाळू तेवढ्यात आला, त्यालाही सांगितलं. त्याचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "दिवस पुढं ढकलू. सगळ्यांना फोन करतो."

"बोलावलेल्या माणसाला येऊ नगा म्हनायचं?" काकू कडाडल्या. "एकदा आवतन दिलं की दिलं. समदी येतील, हात जोडतील, उपास हाय म्हनतील आन उपाशी माघारी जातील. पयल्याच दिवशी! मग कोन फिरकंल तुझ्या दारात?" काकूंनी पायात चपला सरकवल्या. "चल, दाव तुझं हाटेल. काय काय भरलंयस ते बघू दे."

आणि ज्या बाईनं हॉटेलचं नावही घरात काढू दिलं नव्हतं, ती माझ्या स्कूटरवर मागं बसून मनमाड रोडला निघाली.

तो तपास बघायला तुम्ही हवे होतात. काकू स्वयंपाकघराच्या मध्यभागी स्टुलावर बसल्या आणि बाळू एकेक डबा पुढं आणायला लागला.

"बटाटा," बाळू म्हणाला. "आई, बटाटा मूळचा तिकडचाच हाय. तिथनंच जगभर गेला."

"चालतं."

"शेंगदाणे. हे बी तिकडचेच."

"गप. शेंगदाने तिसगावचे हायेत. चालतं."

"रताळं. भोपळा. मिरची."

"चालतं, चालतं, चालतं."

मी बघतच राहिलो. आपला आख्खा उपास त्या माणसाच्या कोठीत भरलेला होता! बाळू पंधरा वर्षं जे शिजवत होता त्यातलं निम्मं आईच्या फराळाच्या ताटातलंच निघालं. मका चालत न्हाई, ब्रेडचा चुरा चालत न्हाई, कांदा-लसूण तर नावच नको. बाळू कळवळला, "कांद्याबिगर आमचं काय हुणार?" "माझं पंधरा वरसं हुतंय," काकू म्हणाल्या. मीठ सैंधव, तेल शेंगदाण्याचं. मासा उचलून थेट डीप फ्रीझरच्या तळाला.

अडलं ते किनव्यापाशी. तिकडचे बारीक पांढरट दाणे. काकूंनी तळहातावर घेतले, एक दातांत धरून फोडला. "ह्ये धान्य दिसतंय. धान्य चालत न्हाई." बाळूनं एक पोतं भरून मागवलं होतं. त्याचा जीव वर-खाली होत होता. काकूंनी डोळे मिटले. "ह्याला कनीस येतं का तुरा?"

"तुरा, आई. लाल-जांभळा. मी शेतं बघितल्यात."

"पाल्याची भाजी करत्यात?"

"करतात."

"मग ह्यो राजगिऱ्याचा भाऊबंद हाय. चालतं!" त्यांनी मांडीवर थाप मारली आणि बाळूनं मला मिठीच मारली.

शिवरात्रीला दुपारी बारा वाजता माणसं आली. येणार नाहीत असं मला वाटत होतं, पण आली. गल्ली आली, बँकेतले सगळे आले, तिसगावची एक जीप आली आणि सोनईहून काकूंच्या नणंदबाई आल्या. काकू त्यांना वन्सं म्हणायच्या. वन्सं म्हणजे उपासाच्या बाबतीत सोनईकडचं सर्वोच्च न्यायालय. दोघींचं भेंडीवरून वीस वर्षं वाकडं होतं. वन्संचं म्हणणं, भेंडी चालत नाही. काकू म्हणाल्या होत्या तसेच सगळ्यांनी हात जोडले, "शुभेच्छा बरं का, पण आज उपास." बाळू म्हणाला, "ठाव हाय. बसा. सगळं उपासाचंच हाय." माणसं एकमेकांकडे बघत बसली.

पहिली ताटली आली. लिमाकडचा थंड बटाटा. उकडून, मऊ कुस्करून, त्यात लिंबू, तेल आणि तिकडून खोक्यात आणलेल्या मिरचीचा गर. मधे शेंगदाण्याच्या कुटाचा थर, आणि सगळं वडीसारखं गोल कापलेलं. दिसायला देखणं. आणि रंगाला पिवळंधमक.

वन्संचा हात ताटलीजवळ गेला आणि तिथंच थांबला. "अगं बाई! हळद!"

त्यांनी ते फार मोठ्यानं म्हटलं असंही नाही. पण एकेका टेबलावरचा चमचा खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. हळद. उपासाला. शिवरात्रीला! तिसगावचे एक आजोबा तर खुर्ची मागं सरकवून उठलेच.

"हळद न्हाई ओ," बाळू पुढं आला. "मिरचीचाच रंग हाय. तिकडं पिवळी मिरची असती."

"मिरची हिरवी असती न्हाईतर लाल," वन्सं म्हणाल्या. "पिवळी मिरची मी जन्मात बघितली न्हाई. न्हाई बाबा. देवाचा दिस हाय, जोखीम नगं."

बाळू बरणी आणायला धावला. बरणीवरची अक्षरं कुणाला वाचता येणार? त्यानं ती वर धरली, खाली धरली. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला त्याच्या बॅगा दिसायला लागल्या, पुन्हा भरलेल्या. चूक माझी, तारीख माझी.

सगळ्यांच्या नजरा काकूंकडे वळल्या. त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसल्या होत्या. परवा बाळू 'मिरची' म्हणाला तेव्हा त्यांनी 'चालतं' म्हटलं होतं, बरणी काही उघडून बघितली नव्हती. बटाटा बाळूनं सकाळी कालवला. म्हणजे हा पिवळा रंग त्यासुद्धा पहिल्यांदाच बघत होत्या. मी त्यांचा चेहरा ओळखतो. त्यांनाही ती हळदच वाटली होती, शंभर टक्के.

वन्संनी कनवटीची चुन्याची डबी काढली. "लई सोपं हाय वैनी. हळद असंल तर चुन्यानं लाल हुईल. लावून बघू, मग ठरवू." माणसं माना हलवायला लागली. बरोबरच होतं ते.

"ठेव तुजा चुना," काकू उठल्या.

"आगं पर वैनी..."

"माजा पोरगा न्हाई म्हनतोय ना? मग न्हाई. पोराला चुना लावून बघायचा न्हाई." त्या बाळूकडे वळल्या. "आन हिकडं."

बाळूनं ताटली पुढं धरली. जिनं एसटी स्टँडवर चहाचा घोट घेतला नाही, जिचा शिवरात्रीचा उपास साठ वर्षांत मोडला नव्हता, त्या बाईनं हॉटेलाच्या मधोमध उभं राहून, सत्तर माणसांसमोर, त्या पिवळ्या बटाट्याचा चांगला मोठा तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. चावला. गिळला.

"तिखट हाय," काकू म्हणाल्या. आणि दुसरा तुकडा तोडला. "चालतं! लई झ्याक चालतं!"

पुढचं काय सांगू! आधी ते उठलेले आजोबा बसले. मग बँकेतल्या शिपायानं खाल्लं, मग त्याच्या बायकोनं, मग चमच्यांचा नुसता खणखणाट. वन्संनी टेबलाखाली गुपचूप चुना लावून बघितलाच, मी बघत होतो. लावला, बोटानं चोळला, डोळ्यांजवळ नेऊन बघितला. पिवळं ते पिवळंच. मग त्यांनी तीन ताटल्या खाल्ल्या आणि वर बाळूला विचारलं की ह्या मिरचीचं बी सोनईला येईल का. शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातले बटाटे आले, किनव्याची लिंबू घातलेली कोशिंबीर आली, रताळं-भोपळा राजगिऱ्याच्या पिठात मळून वळलेल्या आणि तळलेल्या गोल कड्या आल्या, गुळाच्या पाकात बुडवलेल्या. त्या कड्यांवर तर माणसं तुटून पडली. मी सात खाल्ल्या, लपवत नाही. बाहेर रस्त्यावर येणारेजाणारे थांबून विचारायला लागले, उपासाचं मिळतं का इथं? रांग लागली. मेंढराच्या हॉटेलाबाहेर रांग! बाळू एका हातात तीन-तीन ताटल्या घेऊन पळत होता, कपाळाचा घाम बाहीनं पुसत, आणि तोंडभर हसत होता. लहान पोरासारखा.

गर्दी ऐन भरात असताना काकू परत उठून उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि अंगणवाडीतली पोरं गप्प करायच्या आवाजात म्हणाल्या, "ऐका रं समदी. येत्या सोमवारी माज्या सोमवाराचं उद्यापन हाय. हितंच. समद्यांनी जेवायला यायचं."

वन्संचा घास हातातच राहिला. उद्यापन म्हणजे व्रताची सांगता, उपास कायमचा सोडणं. "वैनी, उद्यापन असं कवा बी करत्यात व्हय? श्रावनात करत्यात."

"सोमवार माजे हायेत. मी ठरवीन."

बाळू ताटल्या घेऊन तसाच उभा होता. "आई, सोमवार सोडती? अन् गुरुवार, शनवार, चतुर्थी?"

"समदे सोडते. एकादशी तेवढी ऱ्हाईल, ती माजी सोताची हाय." काकूंनी त्याच्याकडे बघितलं. "बाकीचे तुजे हुते."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग कळलं. ताटल्या त्यानं जवळच्या टेबलावर ठेवल्या आणि नुसती मान हलवत राहिला. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण माझंही काही ठीक नव्हतं.

"जात न्हाई मी आता कुठं," बाळू शेवटी म्हणाला.

"मग हुबा का ऱ्हायलायस?" काकू म्हणाल्या. "लोकांच्या ताटल्या रिकाम्या हायेत. वाढ."